कोणती गोळी आधी

अक्काच्या हाताखालून शिकून गेलेल्या पोरी तिला आधी घाबरायच्या आणि मग आयुष्यभर तिचं नाव काढायच्या. इस्पितळात तिची सत्तावीस वर्षं झाली होती. चादरीला सुरकुती दिसली तर ती रागवायची नाही, नुसती चादरीकडे बघत उभी राहायची, आणि तेवढं पुरायचं. नवे डॉक्टर औषध लिहून झालं की हळूच तिच्या चेहऱ्याकडे बघून घ्यायचे. तिची भुवई जरा जरी वर गेली तरी कागद परत हातात घ्यायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण घरी, दारी आणि वॉर्डात ती अक्काच होती.

लग्न करायचं राहून गेलं होतं. आईवडील लवकर गेले, धाकटा भाऊ शिकायचा होता, आणि तो शिकून कामाला लागेस्तोवर अक्काचं वय उलटलं. भाऊ चष्म्यांच्या कारखान्यात भिंगं घासायचा. अबोल माणूस. बोलण्याचं काम त्यानं लहानपणीच अक्कावर सोपवलं होतं आणि ते पुन्हा कधी परत मागितलं नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, जिन्यात कायम ओल्या चुन्याचा वास. त्याचं लग्न झालं, भावजय घरात आली. अक्काची तेव्हा सतत दिवसपाळी, घरी यायची ती जेवून झोपायला. त्यामुळे नव्या नवरीशी तिची ओळख झाली ती फार थोडी.

दुसऱ्या वर्षी भावजय बाळंत झाली, अक्काच्याच इस्पितळात. मुलगी सुखरूप आली, पण वार अडकली आणि रक्त थांबेना. अक्का तिच्या वॉर्डातून धावत खाली आली तेव्हा टेबलाखालची बादली भरली होती आणि भावजयीचे ओठ कागदासारखे झाले होते. रक्ताच्या बाटल्या अक्कानं स्वतः पळत जाऊन आणल्या. एक, दोन, करत पाच. पहाटे रक्त थांबलं. सगळे म्हणाले, नणंद इस्पितळात होती म्हणून वाचली. ते खरंही होतं. अक्काला त्याचा अभिमान होता, आणि तो असायला कुणाची हरकत नव्हती.

भावजयीला दूध आलं नाही. दोन दिवस वाट पाहिली, चार दिवस पाहिली. छाती कधी भरलीच नाही. अक्का म्हणाली, बाळाला अंगावर लावायचा कंटाळा केला की असंच होतं. मुलगी वरच्या दुधावर वाढली. तिला सगळे बिट्टी म्हणू लागले.

तिथून पुढे भावजय हळूहळू मंदावत गेली. एका दिवसात काही झालं नाही, म्हणून कुणाच्या नजरेत आलं नाही. भर उन्हाळ्यात ती स्वेटर घालून बसायची. दुपारी झोपायची, संध्याकाळी पुन्हा झोपायची. एक वाक्य बोलायला घेतलं की मध्येच थांबायची, जणू पुढचा शब्द दुसऱ्या खोलीत ठेवलाय आणि उठून आणायचं जिवावर आलंय. चेहरा मेणासारखा फिकट आणि सुजरा झाला. पाळी पुन्हा कधी आलीच नाही, पण ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. नवऱ्याला सांगण्यासारखी ती नव्हती, आणि नणंदेला सांगायची तिला भीती वाटायची.

भीती वाटावी असंच अक्का वागत होती. बारा-बारा तास उभं राहून घरी यावं तर मोरीत भांडी तशीच, पोरीची वेणी तशीच, आणि ही बाई भिंतीला टेकून बसलेली. सुरुवातीला अक्कानं समजावलं, मग टोमणे मारले, मग बोलणंच सोडून दिलं. भावाशी मात्र बोलायची, आणि ते भावजयीला ऐकू जाईल अशा बेतानं. एकदा म्हणाली, "तुझी बायको एक दिवस बसल्या जागी रुजेल बघ." भाऊ हसला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. त्या रात्री भावजयीनं उठून सगळी भांडी घासली. त्यात एक पातेलं हातून पडलं, त्याचाही तिलाच बोल लागला.

अशी नऊ वर्षं गेली.

दहाव्या वर्षी अक्काची बदली ग्रंथींच्या वॉर्डात झाली. कुणाची थायरॉइड बिघडलेली, कुणाची साखर, कुणाच्या हाडांतलं चुन्याचं गणित फिसकटलेलं. अक्काचं वय पन्नाशीच्या पुढे, तरी तिनं जाडजूड पुस्तक आणून नव्या विद्यार्थिनीसारखं वाचायला घेतलं. महिन्याभरात ती शिकाऊ पोरींना शिकवायलाही लागली. वॉर्डाच्या टोकाच्या खोलीत, फळ्यासमोर, उभ्या उभ्या.

एका सकाळी ती थायरॉइडबद्दल सांगत होती. "ही ग्रंथी थकली की सगळं शरीरच सावकाश चालतं," ती म्हणाली, आणि लक्षणं एकेक करून सांगू लागली. थंडी सोसत नाही. चेहरा सुजतो. आवाज जड होतो, बोलणं रेंगाळतं. केस गळतात. झोप संपत नाही. आणि घरचे लोक अशा बाईला आळशी म्हणतात. हे शेवटचं वाक्य पुस्तकात नव्हतं, ते तिच्या तोंडून आपसूक आलं. ते बोलून ती थांबली. पोरी वह्यांमध्ये लिहीत होत्या. एकीनं मान वर करून विचारलं, पुढे काय सिस्टर? अक्कानं त्यांना पाणी प्यायला पाच मिनिटं सुट्टी दिली आणि खुर्चीत बसली. वर्गात बसलेली अक्का कुणी आजवर पाहिली नव्हती.

दिव्याखाली अंधार म्हणतात, पण हा अंधार नऊ वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं घरीच भावजयीचं रक्त काढलं. भावजयीनं निमूट हात पुढे केला. एवढ्या वर्षांत नणंदेनं तिचा हात पहिल्यांदा हातात घेतला होता. तो हात थंडगार होता. अक्काला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. चोर सापडल्यासारखा आनंद. आता आपण हिला बरं करू, असं तिला वाटलं.

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला. त्यात दोन आकडे होते. एक थायरॉइडच्या स्वतःच्या रसाचा, तो तळाला गेला होता. दुसरा मेंदूखालच्या छोट्या ग्रंथीचा. थायरॉइड कामचुकार झाली की ही वरची ग्रंथी तिला हाका मारत सुटते आणि तिचा आकडा चांगला वर चढतो. इथे तो चढलेला नव्हता. जिथे असायला हवा तिथेच निवांत बसला होता.

अक्काला ते खटकलं. तिची भुवई वर गेली, पण तिच्या चेहऱ्याकडे बघणारं तिथे कुणी नव्हतं. वॉर्डाच्या मोठ्या मॅडम दहा दिवसांसाठी परगावी गेल्या होत्या. जेवायला निघालेल्या एका तरुण डॉक्टरच्या हातात तिनं कागद दिला. त्यानं पहिला आकडा पाहिला, थायरॉइडची गोळी लिहिली आणि म्हणाला, "तुमच्या घरचं माणूस आहे, तुम्ही आहातच." दुसऱ्या आकड्याचं काय, हे अक्का विचारणार होती. प्रयोगशाळेत आकडे चुकायचे, हे तिला माहीत होतं. मॅडम आल्यावर विचारता येईल, हेही तिच्या मनात आलं. पण नऊ वर्षं वाया घालवल्यावर आणखी दहा दिवस थांबायला तिचं मन तयार झालं नाही. तिनं खालच्या दुकानातून गोळ्या घेतल्या आणि त्याच संध्याकाळी समजावून सांगितलं: सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी, रोज एक.

पहिले चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी भावजयीला मळमळू लागलं. सातव्या दिवशी उलटी झाली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. नवव्या दिवशी सकाळी अक्का कामावर निघाली तेव्हा भावजय भिंतीला धरत दारापर्यंत आली.

"अक्का, त्या गोळीनं मला बरं वाटत नाही."

अक्का चपला घालत होती. "आठवडाभरात गोळी काय जादू करणार? नऊ वर्षांचं दुखणं आहे. घेत राहा."

"बरं," भावजय म्हणाली. तिनं गोळी घेतली. अक्काचा शब्द तिनं कधीच मोडला नव्हता.

बाराव्या दिवशी दुपारी बिट्टी शाळेतून आली. किल्ली तिच्याकडे असायची. आई पलंगावर झोपली होती, आणि त्यात नवल असं काही नव्हतं. आई झोपलेलीच असायची. हात लावला तर आई गार लागली, पण गार तर ती नेहमीच असायची. पोरीनं तिच्या अंगावर घोंगडी घातली, पायांकडून नीट खोचली, आणि आवाज होऊ नये म्हणून गृहपाठ स्वयंपाकघरात जाऊन केला. तीन तास. पाचच्या सुमारास अक्का घरी आली. दारातूनच तिला आतला श्वास ऐकू आला आणि हातातली पिशवी खाली पडली. सत्तावीस वर्षांत असा श्वास तिनं पुष्कळदा ऐकला होता.

इस्पितळात साखर मोजली तर ती इतकी खाली की यंत्रानं जवळजवळ हातच टेकले. रक्तदाब लागत नव्हता. शिरेतून साखर दिली, सलाईन लावलं, तरी दाब वर येईना. मोठ्या मॅडम दोन दिवस उशिरानं, त्याच सकाळी परतल्या होत्या. त्यांनी रिपोर्ट पाहिला, गोळ्यांची पट्टी पाहिली आणि अक्काला दोनच प्रश्न विचारले.

"बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का?"

"पाच बाटल्या चढवल्या."

"आणि दूध आलं होतं?"

अक्कानं नकारार्थी मान हलवली. मॅडम तोवर सिस्टरला स्टेरॉइडचं इंजेक्शन भरायला सांगून वळल्याही होत्या.

नंतर कळलं ते असं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. बाकीच्या ग्रंथींना हुकूम तीच देते: थायरॉइडला, बीजकोशांना, आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या त्या दोघींना. बाळंतपणाच्या त्या पहाटे रक्त इतकं गेलं की ती वाटाण्याएवढी ग्रंथी उपाशी मेली. बाई वाचली, तिचा मुकादम मेला. दूध आलं नाही, पाळी आली नाही, थायरॉइड थंडावली, आणि संकटात शरीराला उभं धरणारा मूत्रपिंडांवरचा रस आटत गेला. नऊ वर्षं ती तळाशी उरलेल्या चार थेंबांवर चालत होती. अशा माणसाला आधी स्टेरॉइड द्यायचं आणि मगच थायरॉइडची गोळी. उलटं केलं तर गोळी शरीराला पळायला लावते आणि उरलेले चार थेंबही भसकन संपतात. म्हणूनच दुसरा आकडा वर गेलेला नव्हता. हाक मारणारंच कुणी उरलं नव्हतं.

हे सगळं अक्काच्या पुस्तकात होतं, ज्या प्रकरणापर्यंत ती अजून पोचली नव्हती त्यात. मॅडमनी तिला दोष दिला नाही. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही मला फोन करायला हवा होता." तरुण डॉक्टरनं दोन दिवस तिची नजर चुकवली आणि तिसऱ्या दिवशी येऊन रडला. अक्कानं त्याला पाणी दिलं, धीर मात्र दिला नाही. तिच्याजवळ तो उरलाच नव्हता.

इस्पितळात आणल्यापासून अकराव्या दिवशी भावजयीनं डोळे उघडले. दाब ठीक, साखर ठीक, श्वास ठीक. पण त्या तीन तासांत, आणि त्याआधी कुणास ठाऊक किती वेळ, मेंदूला साखर मिळाली नव्हती. नजर छताला लागलेली. बोलावलं तर आवाजाच्या दिशेनं वळायची, पण ओळख नाही. बिट्टी समोर उभी राहिली, आई आई करत राहिली. आईनं तिच्याकडे पाहिलं आणि मग तिच्या मागच्या खिडकीकडे पाहिलं.

इस्पितळाच्या मागच्या जिन्यावर अक्कानं भावाला सगळं सांगितलं. काही हातचं राखलं नाही. दुसरा आकडा खटकला होता, हे सांगितलं. अक्का, बरं वाटत नाही, असं ती म्हणाली होती, हेही सांगितलं. भाऊ पायरीवर बसून ऐकत होता. भिंगं घासून त्याच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, ती तो एकमेकांवर घासत होता. तो ओरडेल, उठून जाईल, निदान रडेल असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर तिनं ते सोसलं असतं.

मग तो म्हणाला, "म्हणजे ती आळशी नव्हती?"

"नाही," अक्का म्हणाली. "कधीच नव्हती."

पुढे कित्येक महिने तो या विषयावर बोलला नाही.

अक्कानं राजीनामा दिला. सेवेची सहा वर्षं बाकी होती. लोक म्हणाले, रजा घ्या, आया ठेवा, इतकं टोकाला जाऊ नका. तिनं ऐकलं नाही. घरची पुढची खोली तिनं वॉर्डासारखी लावली: लोखंडी खाट, खिडकीजवळ टेबल, भिंतीवर तक्ता. सकाळी स्टेरॉइडची दीड गोळी, त्यानंतर थायरॉइडची, दुपारी स्टेरॉइडची पुन्हा अर्धी. ताप आला तर डोस दुप्पट, उलटी झाली तर इंजेक्शन. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर, टाचांखाली उशी. तोंड आतून कापसानं पुसायचं. पातळ केलेलं जेवण चमच्यानं भरवायचं आणि प्रत्येक घास गिळला की नाही ते गळ्याकडे बघून ठरवायचं. सहा वर्षांत तिच्या पाठीला एक व्रण झाला नाही.

पहिल्यांदा अंघोळ घातली तेव्हा अक्कानं पाहिलं, काखेत केस नाहीत. कुठेच नाहीत; वरचा हुकूम थांबला की तेही जातात. नऊ वर्षांत एकदा जरी हिला आजारात आपल्या हातानं अंघोळ घातली असती तरी कळलं असतं. हातातला ओला पंचा धरून ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग पाणी निवू लागलं म्हणून पुढच्या कामाला लागली.

आणि नेमकं आता, औषधं योग्य क्रमानं मिळू लागल्यावर, भावजयीचं शरीर बरं होऊ लागलं. सूज उतरली. गालांना रंग आला, केस दाट झाले. हात गरम झाले. तीन महिन्यांत खाटेवर एक देखणी, तरणीताठी बाई झोपलेली दिसू लागली. भाऊ एकदा कामावरून आला आणि दारातच थबकला. लग्नातली दिसते, म्हणाला, आणि तसाच जिना उतरून गेला. रात्री उशिरा परतला.

बिट्टी मोठी होत होती. आत्याला मदत करायची, आईला वाचून दाखवायची, पण आईच्या अंगावर पांघरूण घालायची वेळ आली की काहीतरी निमित्त काढून दूर व्हायची. अक्काला हे दिसत होतं, पण विचारायचं धैर्य होत नव्हतं. पोर चौदा वर्षांची झाली तेव्हा एका दुपारी आपणहून बोलली.

"मी तिला उठवलं असतं तर ती बरी असती ना, आत्या?"

चार वर्षं पोरीनं हे पोटात ठेवलं होतं. अक्कानं हातातला चमचा खाली ठेवला. "तू उठवलं असतंस तरी ती उठली नसती. तिला तिथवर गोळीनं नेलं. ती गोळी मी आणली, आणि मीच घ्यायला लावली. तुझा त्यात काडीचाही दोष नाही."

बिट्टी ऐकत राहिली. तिचे खांदे सैल झाले, हे अक्कानं पाहिलं. आणि मग त्याच चेहऱ्यावर दुसरं काहीतरी येताना पाहिलं. त्या दिवसापासून बिट्टी आत्याशी कामापुरतं बोलू लागली. वाटी दे. पाणी तापलंय. मी निघते. अक्कानं ते मान खाली घालून घेतलं. पोरीच्या पाठीवरचं ओझं कुणीतरी उचलायला हवं होतंच.

सहाव्या वर्षी, थंडीत, भावजयीच्या छातीत कफ झाला. अक्कानं त्याच तासाला डोस दुप्पट केला, इंजेक्शन दिलं, मॅडमना फोन केला. या वेळी एकही गोष्ट चुकली नाही. पाचव्या दिवशी सकाळी साडेदहाला भावजय गेली. अक्कानं नाडीवरची बोटं काढली, घड्याळ पाहिलं, आणि तक्त्यावर वेळ लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आता हा तक्ता कुणाला दाखवायचा नाही.

बिट्टी पुढच्या वर्षी शिकायला दुसऱ्या शहरात गेली. बापाला पत्र लिहिते, आत्याला नमस्कार कळवते. घरात भाऊ आणि अक्का दोघंच उरली.

इस्पितळातून निरोप येत राहिले, एखादा तास घ्या म्हणून. अक्कानं दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा गेली. फळ्यावर त्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीचं चित्र काढलं आणि सगळी हकिगत सांगितली, आपलं नाव घालून. थकलेली बाई समोर आली तर आधी काय विचारायचं, कोणती गोळी आधी, कोणता आकडा खटकला तर थांबायचं, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. वर्ग चिडीचूप होता. एका पोरीनं भीत भीत विचारलं, तुम्हाला काही शिक्षा झाली का? अक्का म्हणाली, नाही, काही झाली नाही.

संध्याकाळी जेवताना भावानं विचारलं, कुठे गेली होतीस? तिनं सांगितलं.

"सगळं सांगितलंस?"

"सगळं."

तो थोडा वेळ जेवत राहिला. मग म्हणाला, "पुढच्या वेळी हेही सांग. लग्न झालं तेव्हा ती फार भरभर चालायची. मी मागे पडायचो. वळणावर उभी राहून हसायची माझ्याकडे बघून."

अक्कानं आठवून पाहिलं. तिला ती चालतानाची आठवेना. त्या वर्षी तिची दिवसपाळी होती.